महाबळेश्वर की पाचगणी: लॅपटॉप घेऊन राहायला जाताय तर

दोन दिवसांच्या सहलीला हा प्रश्न पडत नाही, एका फेरीत दोन्ही होतात. पण घरून काम आहे, ऑफिसला महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदाच तोंड दाखवायचं आहे आणि वर्षभर डोंगरावर राहायचं मनात आहे, तर दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. मी आधी दहा महिने महाबळेश्वरला काढले, आता पाचगणीत तिसरं वर्ष चालू आहे. कौल कुठे लागणार हे त्यावरून कळलंच असेल. तरी आधी महाबळेश्वरची बाजू सांगतो, कारण त्यातले आठ महिने मी तिथे खरोखर मजेत होतो.

ऑक्टोबरात गेलो. बाजारपेठ सोडून दहा मिनिटं चाललं की जांभूळ-हिरड्याची दाट राई लागते. काम संपवून तासभर त्यात भटकायचं, हे सुख पाचगणीत नाही. पाचगणी त्यामानाने उघडी. सिल्व्हर ओकच्या रांगा देखण्या आहेत, पण ते रान नव्हे. थंडीही महाबळेश्वरचीच खरी. माहेर-सासर महाड-पोलादपूरकडे असेल तर आंबेनळी घाटाने महाबळेश्वरच जवळ पडतं, अर्थात पावसात दरड येऊन तो घाट बंद नसेल तेव्हा.

घर मिळणं दोन्हीकडे अवघड. 2001 पासून हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, त्यामुळे बांधकामावर बंधनं आहेत आणि असलेल्या खोल्या पर्यटकांना दिवसावर देणं मालकांना परवडतं. महाबळेश्वरला मला दोघांनी सरळ सांगितलं, ‘राहा, पण मे महिन्यात खोली रिकामी करून द्या.’ पाचगणीत निवासी शाळा भरपूर, शिक्षक वर्षानुवर्षं भाड्याने राहतात. त्यामुळे महिन्याचा भाडेकरू ही तिथे नवलाई नाही. निदान माझा अनुभव तरी असा.

इंटरनेटचं म्हणाल तर उन्नीस-बीस. झाड पडलं की दोन्हीकडे केबल तुटते आणि वीजही जाते. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच.

आता पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. जेमतेम 20 किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. हे आकडे मला जाण्याआधी पाठ होते. बुरशीची तयारी होती, कपडे वाळणार नाहीत हेही गृहीत होतं. पावसाला आवाज असतो, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

माझ्या खोलीवर पत्रा होता. जुलैतल्या एका सोमवारी सकाळच्या मीटिंगला माझी पाळी आली आणि मी बोलायला लागलो. पलीकडून विचारणा, ‘मागे काही तळताय का?’ आवाज गाळणारी सोय चालू केली, तर तिने पावसाबरोबर मलाही गाळलं. नुसते ओठ हलत होते म्हणे. मग गोधडी डोक्यावरून ओढून घेतली, आत लॅपटॉप, आत मी, चष्म्यावर वाफ, अशी तिमाहीची आकडेवारी सादर केली. एखाद्या दिवशी याचं हसू येतं. सलग तीन आठवडे रोज दोनदा गोधडीत शिरलं की माणूस खचतो. स्लॅबचं घर बघावं तर गळू नये म्हणून स्लॅबवरही पत्र्याची शेड घातलेली.

घरमालकीण काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘अहो दादा, पावसाळ्यात इथं कोण बसतंय कामाला? आम्हीच लेकीकडं वाईला उतरतो.’ इंग्रजांचंही तेच. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला यायचं आणि पाऊस धरायच्या आत पुण्याला उतरायचं. बारा महिने राहता येईल अशी जागा म्हणून पाचगणी वसवली गेली ती पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, जॉन चेसन नावाच्या इंग्रजाच्या हातून. तेव्हाच लोकांना कळलं होतं, मला पत्र्याखाली बसून कळलं.

ऑगस्टात सामान टेम्पोत घालून पाचगणीला आलो. पाऊस इथेही आहे, गैरसमज नको. धुकं खोलीत शिरतं, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव येते. पण आजवर गोधडी फक्त झोपायलाच लागली. वाई पसरणी घाटाने अर्ध्या तासात, त्यामुळे डॉक्टर, भाजी, चार्जर सगळं आवाक्यात. पुणे साधारण 100 किलोमीटर. महाबळेश्वरहून निघालात तर 20 जास्त, आणि शनिवार-रविवारी ते 20 वेण्णा तलावापाशी कसे सरकतात हे अडकलेल्यालाच ठाऊक. कंटाळा आला की भिलारला जातो. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. कुणाच्याही ओसरीवर बसून मराठी पुस्तक वाचा, कोणी उठवत नाही.

पाचगणीची कटकट मे महिन्यात आणि जोडून सुट्ट्या आल्या की. टेबललँडच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, दुधाच्या पिशवीला अर्धा तास जातो. मी त्या दिवसांत सरळ घरी जातो. ज्यांना जाता येत नाही त्यांना याचा त्रास माझ्यापेक्षा जास्त होईल, हे मान्य.

तुमचं काम लिखाणाचं असेल, कोणाशी बोलावं लागत नसेल, तर महाबळेश्वर जरूर बघा. पावसाळ्यातला तो एकांत पाचगणीत मिळायचा नाही. रोज मीटिंगा असतील तर मी पाचगणी म्हणेन. आणि कुठेही गेलात तरी घर डिसेंबरात बघून ठरवू नका. जुलैत या, पत्र्याखाली उभे राहा आणि बायकोला एक फोन लावा.