लाँगबोर्डवर ट्रिक्स: लांब डान्सर की डबल-किक?

लाँगबोर्डवर, म्हणजे लांब स्केटबोर्डवर, फिरणं जमलं आणि ट्रिक्सची ओढ लागली की गाडी दोन बोर्डांपाशी येऊन अडते. एक म्हणजे ४४ ते ४७ इंचांचा, पायाखाली लवणारा डान्सर. दुसरा ३७ ते ४० इंचांचा, कडक, दोन्ही टोकं वर वळलेला डबल-किक. माझा कौल मुंबईतल्या बहुतेकांसाठी डबल-किकला आहे.

डान्सरची मजा मात्र वेगळीच. चालत्या बोर्डवर पायावर पाय टाकत (ही क्रॉस-स्टेप) नाकापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत जायचं, तिथे पीटर पॅन (पाय एकमेकांवरून ओलांडायची चाल) घ्यायचा, परत यायचं. पाऊल कडेवर पडलं की बोर्ड त्या बाजूला कलतो आणि तो परत येतानाच पुढचं पाऊल टाकायचं असतं. ही लय लांब डेकवरच, म्हणजे लांब फळीवरच, मोकळी होते. पण तिला लांब, सलग, रिकामा पट्टा लागतो. मरीन ड्राइव्ह तीन किलोमीटरहून लांब आहे खरा, पण संध्याकाळच्या गर्दीत तिथे क्रॉस-स्टेप करणं म्हणजे लोकांच्या घोट्यांशी खेळ. पहाटे उठणार असाल तरच त्याचा हिशेब धरा. बाकी ठिकाणी पेव्हर ब्लॉक. एक पाय हवेत असताना चाक सांध्यात आपटलं की काय होतं ते एकदा पडल्यावर कळतं. शिवाय ४६ इंच म्हणजे ११७ सेंटीमीटर. एवढा बोर्ड घेऊन दादरला लोकलमध्ये चढायचंय, हेही डोक्यात असू द्या.

आता शव्हिट, म्हणजे पायाखाली बोर्ड आडवा फिरवणं. वजन सारखं धरलं तरी ४६ इंची बोर्ड फिरवायला ३८ इंचीच्या जवळजवळ दीडपट जोर लागतो, कारण टोकं मधल्या अक्षापासून लांब असतात. वर लवचिक डेक शेपटीवर, म्हणजे मागच्या टोकावर, दिलेला दाब स्वतःच पिऊन टाकतो, त्यामुळे पॉप (बोर्ड उसळणं) मिळत नाही. कडक डबल-किकवर तोच दाब थेट नाक उचलतो. शव्हिट, नो-कॉम्प्लाय, टायगर क्लॉ, मॅन्युअल या सगळ्या ट्रिक्सना पंधरा-वीस फूट सपाट जागा पुरते, आणि तेवढी जागा सोसायटीच्या पोडियमवर किंवा पार्किंगमध्ये मिळते. रोज वीस मिनिटं सराव करता येणं हे मला सगळ्यात मोठं वाटतं. मोबदल्यात क्रॉस-स्टेप आखूड होते, पावलं कमी बसतात. ज्यांचा जीव फक्त नाचण्यात आहे त्यांनी डान्सरच घ्यावा, आणि पहाटेचा गजर लावावा.

ट्रकमध्ये, म्हणजे डेकखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या भागात, रिव्हर्स किंगपिन (उलट्या बाजूला कललेला मधला बोल्ट), १८० मिलिमीटर हँगर (एक्सल धरणारा आडवा भाग), ५० अंशांची बेसप्लेट (डेकला जोडलेली पट्टी) हे दोन्ही बोर्डांना चालतं. पारंपरिक किंगपिनचा ट्रक बुटका असतो, शेपटीच्या ट्रिक्सना चटकन साथ देतो. पण आपल्या रस्त्यांना मोठी चाकं हवीत, आणि त्यांना जागा रिव्हर्समध्ये जास्त मिळते. म्हणून सुरुवात त्यानेच करा.

नवा बोर्ड घेण्याआधी मात्र आहे त्याचे बुशिंग (किंगपिनवरचे रबरासारखे गोळे) बदलून बघा, ही माझी कळकळीची विनंती. बोर्डासोबत आलेले बुशिंग हलक्या माणसाला बहुधा कडक पडतात. मग बोर्ड वळत नाही आणि दोष आपण पायांना देतो. वजन साठ किलोच्या आसपास असेल तर ८० ते ८५ ए कडकपणा पाहा (आकडा मोठा तितकं कडक). डेककडे बॅरल (सरळ नळकांडं) आणि जमिनीकडे शंकूच्या आकाराचा बुशिंग लावला तर वळण मोकळं होतं, दोन्हीकडे बॅरल लावले तर बोर्ड शांत राहतो. किंगपिनचा नट सैल करत जाणं हा यावरचा उपाय नव्हे. तसं केलं की ट्रक मधोमध ढिला पडतो आणि बोर्ड डोलतो. पान्याचंही सांगतो. एक्सलच्या नटला १३चा पाना चालतो, पण किंगपिनचा नट ९/१६ इंची असतो. त्याला चौदाचा बसत नाही आणि पंधराचा कडा गोल करून टाकतो. मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, इंची पाना मागा.

चाकं ६५ ते ७० मिलिमीटर. पेव्हर आणि खडबडीत डांबरासाठी ७८ ते ८० ए, गुळगुळीत पोडियमसाठी ८४-८६. ओठ, म्हणजे चाकाची कड, गोल असलेलीच घ्या. शव्हिटनंतर बोर्ड जरा तिरका पडला तर गोल ओठ घसरून सरळ होतो, चौकोनी ओठ जमीन धरतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता. स्ट्रीट बोर्डाची ५२ मिलिमीटरची, ९९ ए चाकं खड्यावर अडकतात आणि शेजाऱ्यांची झोपही मोडतात.

बेअरिंग ६०८ मापाचे, एबेकच्या (अचूकतेच्या श्रेणीच्या) आकड्यामागे लागू नका. पावसात भिजले तर त्याच दिवशी काढून पुसा आणि तेल द्या, नाहीतर गंज ठरलेला. डेकही ओला ठेवू नका, थर सुटतात.

बुशिंग मऊ केल्यावर बोर्डवर उभे राहून दोन्ही बाजूंना पूर्ण झुका. चाक डेकला घासत असेल तर डेक आणि ट्रकच्या मध्ये १/८ इंचाचा रायझर (जाडीचा तुकडा) टाका, आणि स्क्रूही तेवढ्याने जास्त लांब घ्या.