कोपऱ्यावरचा हॉट डॉग स्टँड, नव्या मालकांच्या हाती

शिकागोच्या वायव्य भागातील आमच्या वस्तीतला हॉट डॉगचा स्टँड गेल्या हिवाळ्यात विकला गेला. वयोमानामुळे जुन्या मालकांनी निवृत्ती घेतली आणि एका तरुण दांपत्याने तो चालवायला घेतला. पाटी तीच आहे, बाहेरची बाके तीच आहेत. भिंतींना नवा रंग लागला आहे आणि जिथे केवळ रोख पैसे चालत, तिथे आता कार्डही घेतले जाते. खिडकीतून बाहेर येणारा हॉट डॉग मात्र पूर्णपणे तोच राहिलेला नाही.

या शहरात हॉट डॉगचे घटक ठरलेले आहेत. खसखस लावलेला, वाफवलेला पाव. त्यात केवळ बीफचे सॉसेज. वर पिवळी मस्टर्ड, भडक हिरवे गोड रेलिश (बारीक चिरून मुरवलेली काकडी), बारीक चिरलेला पांढरा कांदा, टोमॅटोच्या फोडी, खारवलेल्या काकडीची उभी फोड, स्पोर्ट पेपर नावाच्या व्हिनेगरात मुरलेल्या लहान मिरच्या आणि शेवटी सेलरी सॉल्टची, म्हणजे सेलरीचे बी मिसळलेल्या मिठाची चिमूट. ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेल्या दोघांनी 1893 मध्ये शिकागोत भरलेल्या कोलंबियन या जागतिक प्रदर्शनात विकलेल्या सॉसेजमधून ‘व्हिएन्ना बीफ’ ही कंपनी उभी राहिली आणि आजही येथील बहुतेक स्टँडवर तिचेच सॉसेज मिळते. भाज्यांचा हा भार 1930 च्या दशकातील महामंदीच्या काळात वाढला, पाच सेंटांत पोटभर खाणे मिळावे म्हणून, असे येथे मानले जाते.

नव्या मालकांनी सॉसेज बदललेले नाही. स्वस्तातले, आवरण नसलेले सॉसेज आणून पैसे वाचवणे त्यांना सहज शक्य होते. तो मोह त्यांनी टाळला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. नैसर्गिक आवरणाचे हे सॉसेज पाण्यात गरम करताना पाणी उकळू द्यायचे नसते, कारण खळखळत्या पाण्यात आवरण फाटते, आतला रस आणि मसाल्याची चव पाण्यात उतरते आणि उरतो तो एक मऊ, निस्तेज तुकडा. येथे पाणी उकळीच्या खालीच ठेवले जाते. दात लावताच आवरण कडकन तुटते आणि लसणाची, पापरिकाची चव लगेच जाणवते. सॉसेजपुरते बोलायचे तर तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती पावाची. वाफेच्या पेटीत पाव थोडाच वेळ ठेवायचा असतो. तेवढ्यात तो ऊबदार आणि लवचिक होतो, पण त्याचा आकार टिकतो. दुपारच्या गर्दीत आता बरेच पाव आधीच पेटीत भरून ठेवले जातात. मला मिळालेल्या पावाचा तळ इतका भिजलेला होता की काकडीच्या वजनाने तो बिजागरीपाशी फाटला आणि अर्धे रेलिश कागदावर आले. संध्याकाळी, गर्दी नसताना गेल्यास पाव अगदी नीट मिळतो, म्हणजे काम येत नाही असे नव्हे, घाईत ते साधत नाही.

दुसरी उणीव सेलरी सॉल्टची. वस्तीत सध्या चर्चा चालली आहे ती खिडकीपाशी ठेवलेल्या केचपच्या बाटलीची. जुने मालक हॉट डॉगवर केचप घालायला साफ नकार देत, त्यामुळे अनेकांना हा अधर्म वाटतो. माझ्या मते बाटली ज्याला हवी तो घेईल, नको तो घेणार नाही. सेलरी सॉल्ट विसरले तर मात्र ग्राहकाला काही निवडच उरत नाही: टोमॅटो पाणचट लागतो, रेलिशचा गोडवा वर येतो आणि सगळे घटक सुटे-सुटे वाटू लागतात. एवढ्या स्वस्त पदार्थाचा विसर पडावा आणि तोही वारंवार, हे मला खटकते.

फ्राइज मात्र निःसंशय सुधारल्या आहेत. पूर्वी त्या गोठवलेल्या पिशवीतून येत. आता बटाटे तिथेच कापून, धुऊन, आधी मंद आणि मग कडक आचेवर असे दोनदा तळले जातात. त्या पूर्वीप्रमाणेच हॉट डॉगसोबत एकाच कागदात गुंडाळून मिळतात, त्यामुळे काही फ्राइजना मस्टर्ड चिकटते आणि वाफेने वरच्या जरा मऊ पडतात. जाणकार खाणारे नेमक्या त्याच आधी उचलतात. तळण्यासाठी वनस्पती तेल वापरले जाते, असे विचारल्यावर सांगण्यात आले. बीफ न खाणाऱ्यांसाठी मात्र फ्राइज आणि नव्याने आलेल्या चिकन सँडविचखेरीज येथे फारसे काही नाही.

यादीत बर्गर आणि चिकन सँडविचची भर पडली आहे. दोन्ही साधारण आहेत आणि त्यांच्यामुळे दुपारी रांग रेंगाळते, कारण तव्याजवळ आणि पावाच्या पेटीजवळ एकच व्यक्ती उभी असते. किमती थोड्या वाढल्या आहेत, तरी सोबतच्या फ्राइज पाहता त्या अवाजवी वाटत नाहीत. जायचे असल्यास दुपारची वेळ टाळावी, ‘एव्हरीथिंग’, म्हणजे वरचे सगळे घटक घालून, असे सांगून मागवावे आणि कागद गुंडाळण्यापूर्वी सेलरी सॉल्टची आठवण करून द्यावी. ते लगेच आणि हसतमुखाने घालतात.