एक केटलबेल, सपाट पेडल आणि टेकडी: सात-आठ महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. डोंगरात सायकल चालवणाऱ्याला ताकदीची एकच हालचाल शिकायला वेळ असेल, तर त्याने खुब्यातून वाकायला शिकावं. जिममध्ये ज्याला हिंज म्हणतात, ते. बैठका, पुलअप, प्लँक यांचा नंबर त्यानंतर. आणि ही हालचाल शिकली की त्याच आठवड्यात ती सायकलवर उभं राहून करून बघावी. नाहीतर वजन वाढत राहतं आणि उतारावर माणूस होता तसाच राहतो.

वापरात होतं ते असं: १६ आणि २४ किलोची एकेक ओतीव लोखंडी केटलबेल (वर दांडा असलेला वजनाचा गोळा), लोंबकळायला एक बार, बुटाला धरणाऱ्या बारीक पिनांची सपाट पेडलं आणि पुढे १२० मिमी सस्पेन्शन असलेली २९ इंची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल. ट्रेल म्हणजे मुख्यतः पुण्यातली वेताळ टेकडी आणि मुळशीकडचे कच्चे रस्ते. मुरूम, सुटे दगड, मधेच उघडा कातळ. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करून थंडी सरेपर्यंतचा हा काळ.

उतारावर सायकलस्वार सीटवर नसतो, पेडलवर उभा असतो. अशा वेळी नुसते गुडघे वाकवले तर बूड सरळ खाली मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि मुरमाच्या वळणावर तेच आधी निसटतं. कमरेतून वाकलं तर पाठीला बाक येतो आणि सगळं वजन हातांवर. खुब्यातून वाकल्यावर बूड मागे जातं, छाती हँडलकडे उतरते, या दोन्हींचा तोल क्रँकच्या (पेडल ज्या दांड्यांना जोडलेलं असतं त्यांच्या) बरोबर वर राहतो आणि वजन पायांतून पेडलमध्ये जातं. तपासायची पद्धत सोपी आहे. सपाट जागी संथ चालत्या सायकलवर ही स्थिती घ्या आणि बोटं किंचित सैल करा. छाती पुढे कोसळू लागली, तर वजन हातांवर आहे.

शिकण्यासाठी भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहायचं. गुडघे जरासे सैल, नडग्या जवळपास उभ्या, आणि बुडाने भिंतीला स्पर्श करायचा. जमलं की अर्धं पाऊल पुढे. पाठीवर उभी काठी धरली तर ती डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे; एक जागा सुटली की पाठ वाकली. हे आठवडाभर बिनवजनी करावं. मग केटलबेल दोन घोट्यांच्या मधे ठेवून डेडलिफ्ट, म्हणजे असंच खुब्यातून वाकून ती जमिनीवरून उचलत ताठ उभं राहणं, ५-५ चे ३ सेट. बेल बोटांच्या पुढे ठेवली तर कंबर भरते, म्हणून घोट्यांच्या रेषेतच.

आता ज्याने खरा फरक पडला ती गोष्ट. सायकलवर दोन्ही पाय कधीच शेजारी-शेजारी नसतात. क्रँक १७० मिमीचा असेल तर आडव्या पेडलवर एक पाय दुसऱ्याच्या ३४ सेंटीमीटर पुढे असतो. जिममध्ये मात्र आपण पाय समान ठेवून वजन उचलतो. म्हणून दोनेक महिन्यांनी डेडलिफ्ट पुढे-मागे पाय ठेवून करावी. सुरुवातीला पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत मागचा चवडा, नंतर पूर्ण ३४ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंनी, ८-८ चे २ सेट. बहुतेकांचा एक पाय पुढे असताना स्थिती घट्ट बसते आणि दुसरा पुढे घेतला की खुबे वाकडे वळतात. हीच बाजू मग वळणावरही कच्ची निघते. डावं वळण जमतं पण उजवं जमत नाही, अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

स्विंग, म्हणजे दोन्ही हातांत धरलेली बेल पायांमधून मागे नेऊन खुब्याच्या धक्क्याने पुढे झुलवणं, जमला तर उत्तम, पण घाईने करण्यातला नाही. १६ किलोने १०-१० चे ५ सेट, मधे मिनिटभर विश्रांती, एवढ्यावर बरेच दिवस काढता येतात. बिघडतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे बेल हातांनी वर ओढणं. हात नुसते दोर असतात, धक्का खुब्यातून येतो. दुसरं, बेल खाली येताना फार लवकर वाकणं. मग ती गुडघ्यांच्या खालून जाते आणि कंबर खेचते. हात मांड्यांना लागेपर्यंत ताठ राहायचं, नंतर वाकायचं. बेल गुडघ्यांच्या वरून, मांड्यांच्या फटीतून मागे गेली पाहिजे. दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू भरली तर ठीक. कंबर भरली तर स्विंग थांबवून परत काठीकडे. स्लिप डिस्क झालेल्यांनी किंवा पायात कळ जाणाऱ्यांनी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय यात पडूच नये.

तालमीतल्या जोर-बैठकांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. बैठकेत टाच उचलली जाते आणि गुडघा पुढे येतो. मांड्यांना ती भरपूर काम देते, पण उतारावर हवी त्याच्या उलटी सवय लावते, कारण तिथे टाच खाली लागते. जोर मात्र ठेवाच. डेडलिफ्टमध्ये हनुवटी आत असते, तर सायकलवर छाती खाली आणि नजर दहा-पंधरा मीटर पुढे असते. पाठीचा वरचा भाग त्यासाठी उलगडावा लागतो, नाहीतर तासाभरात मान धरते. जोर मारताना छाती खालून पुढे काढून वर बघतो, तिथे नेमकं हेच होतं आणि खांद्यांनाही काम मिळतं. १०-१० चे ३ पुरेत.

बाकीचं थोडक्यात. एका हाताने रोइंग, म्हणजे पुढे वाकून बेल बरगड्यांकडे ओढणं, ८-८ चे ३ सेट. उभं राहून चढ चढताना हँडल ओढायला हीच ताकद लागते. एका हातात २४ किलो घेऊन ४० पावलं, मग दुसऱ्या हातात. अंग बेलकडे कलू द्यायचं नाही. बारला लोंबकळणं ३० सेकंद, ३ वेळा. सगळं मिळून ४० मिनिटं, आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार. शनिवार मोकळा, रविवारी लांबची राइड. शुक्रवारी वजन वाढवायचं नाही, नाहीतर रविवारी पहिल्याच चढावर पाय जड.

हात भरून येणं, म्हणजे उतारावर पाचेक मिनिटांत पंजे दगड होणं, यावर बहुतेक जण पकडीची स्प्रिंग विकत घेतात. माझ्या मते तो पैसा वाया. वजन हातांवर असणं हे पहिलं कारण आणि ब्रेक लिव्हर चुकीच्या जागी असणं हे दुसरं. क्लॅम्प एलन कीने सैल करून लिव्हर हँडलच्या मध्याकडे इतका सरकवा, की तर्जनीचं टोक लिव्हरच्या बाहेरच्या टोकावर बसेल. मग पोहोच ठरवणारा स्क्रू फिरवून लिव्हर जवळ घ्या. ब्रेकवर एकच बोट, उरलेली चार पकडीवर. पकड कमी पडते हे तिसरं कारण, आणि त्याला लोंबकळणं पुरतं.

आता कौशल्याचा भाग. तो नेहमी राइडच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना, १५ मिनिटं. थकल्यावर केलेला सराव चुकीची सवय पक्की करतो. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतो, फक्त गुळगुळीत टाइल्स आणि पार्किंगचे रंगवलेले पट्टे टाळा.

पहिला सराव जागेवर उभं राहण्याचा. अगदी हलका चढ शोधा, जो पाय पुढे आवडतो त्याच बाजूला पुढचं चाक वळवा आणि पुढचं पेडल आडव्यापेक्षा किंचित वर ठेवा. पुढे जायचं तर पेडलवर दाब, मागे यायचं तर दाब सैल. चढ आपोआप मागे ढकलतो. ब्रेक धरून उभं राहिलात तर काहीच शिकायला मिळत नाही. दुसरा सराव खडूने आखलेल्या ३० सेंटीमीटर रुंद आणि १० मीटर लांब पट्ट्यातून शक्य तितकं सावकाश जाण्याचा. कंटाळवाणा वाटतो, पण टेकडीवरच्या दगडांतून वाट काढताना याचाच उपयोग सर्वात जास्त होतो.

वळणासाठी पाण्याच्या दोन बाटल्या ६ मीटर अंतरावर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात फिरायचं, जमलं की अंतर साडेचार मीटर. बाहेरचं पेडल खाली आणि त्याच्यावर वजन, सायकल आत कलती, अंग त्यापेक्षा सरळ, नजर पुढच्या बाटलीवर. वेग वळणाआधीच कमी करायचा. मुरमावर वळणाच्या पोटात पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं, कारण टायरची पकड जितकी ब्रेकला खर्च होते तितकी वळायला उरत नाही.

पायरी किंवा दगड ओलांडायला एक वीट आडवी ठेवा. पुढचं चाक उचलताना हँडल ओढू नका: हात-पाय वाकवून खाली दबा, आणि मग हात सरळ ठेवून बूड मागे फेका. स्विंगमधली बेल मागे जाते तो क्षण हाच. मागच्या चाकासाठी पायाची बोटं खाली वळवून पेडल मागे-वर खरवडायचं. पाय अडकवणाऱ्या पेडलांवर हे चाक नुसतं खेचूनही येतं, म्हणून तंत्र शिकायचं राहून जातं. शिकताना सपाट पेडल याचसाठी. खडबडीत उतारावर पाय उसळतात ही सपाट पेडलांची तक्रार खरी आहे. उपाय म्हणजे टाच खाली, पेडलचा आस चवड्याच्या थोडा मागे आणि कडक, सपाट तळाचे बूट. रनिंग शूजचा मऊ तळ पिनांना धरत नाही. पिना नडगीवर बसल्या की कातडी सोलते, त्यामुळे पहिले काही आठवडे नडगीला पॅड लावण्यात कसलाही कमीपणा नाही.

टायरमधल्या हवेबद्दल लोक फार उदासीन असतात. ७० किलोच्या माणसाला २.४ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे २०-२२ आणि मागे २३-२५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ही चांगली सुरुवात आहे. ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ४० पीएसआयवर टेकडीवर येणारे लोक कौशल्याला दोष देत असतात.

केटलबेल विकत घेताना प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली घेऊ नका. ती आकाराने मोठी असते, मनगटावर आदळते आणि एकदा पडली की तडा जातो. ओतीव लोखंडाची, दांडा ३३ ते ३५ मिमी जाडीचा आणि दोन्ही हात मावतील एवढ्या फटीचा घ्यावा. दांड्याच्या आतल्या बाजूला ओतकामाची कड राहिलेली असते. बोट फिरवून बघा. धारदार असेल तर पॉलिश पेपरने घासा, नाहीतर तळहात फाटतो. पावसाळ्यात गंज धरतो. खालच्या भागाला तेलाचा पुसट हात चालेल, दांड्याला कधीही नाही. खाली १५ मिमीची रबरी मॅट हवीच, फरशीसाठी आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठीही.

मर्यादा? डेडलिफ्टसाठी २४ किलो दोन-अडीच महिन्यांत हलकी पडते. त्यानंतर एका पायावर करा किंवा जिमची वाट धरा. तिथे षटकोनी ट्रॅप बार असेल तर तो घ्या, कारण वजन अंगाच्या दोन्ही बाजूंना राहतं आणि कंबरेवर ताण कमी येतो. स्वतःच्या वजनाएवढी डेडलिफ्ट ५ वेळा स्वच्छ जमली की छंदापुरतं पुष्कळ झालं. त्यापुढचा वेळ सायकलवर द्यावा. हवेच्या अर्धगोल चेंडूवर उभं राहून वजन उचलणं, मनगटाचे कर्ल, शंभर-शंभर बर्पी यांतून सायकलवर काही आलेलं दिसलं नाही. दम वाढवायला टेकडीचा चढ आहेच.

पेडलांना पावसाळा सोसत नाही. बेअरिंगमध्ये चिखलपाणी शिरतं आणि पेडल फिरताना करकरतं. दर महिन्याला पेडल काढून आस हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर उघडून, पुसून नवं ग्रीस. काढायला १५ मिमीचा पान्हा किंवा आतून ८ मिमीची एलन की लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं. बसवताना आट्यांवर ग्रीस लावाच, नाहीतर पुढच्या वर्षी क्रँकमधून पेडल निघता निघत नाही.