‘ताई, तुमची गाडी लागली’

२०२१च्या दसऱ्याला, १५ ऑक्टोबरला, आम्ही पुण्यातल्या एका डीलरकडे नव्या गाडीचं बुकिंग केलं. २१ हजार भरले, पावती मिळाली. सेल्समन म्हणाला, सहा महिने धरून चला. आम्ही साताऱ्याला राहतो. आईची केमोथेरपी पुण्यात सुरू होती, दर एकवीस दिवसांनी जायचं. आमची २००९ची जुनी गाडी तोवर रेटायची असं ठरलं.

गुढीपाडवा गेला, अक्षय तृतीया गेली. फोन केला की एकच उत्तर, ‘मॅडम, चिप नाहीये.’ ते खोटंही नव्हतं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या खपेनात म्हणून कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या आणि ते उत्पादन लॅपटॉप-मोबाइलकडे वळलं. मागणी परत आली तेव्हा रांगेत गाडीवाले मागे होते. त्यात मार्च २०२१मध्ये जपानमधल्या रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली, मग मलेशियातले कारखाने कोरोनामुळे अडले. एका गाडीला शेकडो चिप लागतात, त्यातली एक आली नाही तरी गाडी यार्डात उभी. हे सगळं पेपरात येत होतं. म्हणूनच त्या माणसाच्या प्रत्येक वाक्यावर माझा विश्वास बसत गेला. नऊ महिने तो खरंच बोलत होता.

जूनमध्ये परतताना खंबाटकी घाटात गाडी तापून बंद पडली. पाऊस, मागे ट्रकांचे हॉर्न, मागच्या सीटवर सलाईन घेऊन आलेली आई. दुसऱ्या दिवशी मी सेल्समनला फोन केला आणि रडले. माझी अडचण नेमकी काय आहे हे मीच त्याला सांगितलं.

आठवड्याभरात त्याचा फोन आला. ‘ताई, तुमची गाडी लागली.’ मॅडमची मी ताई कधी झाले, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. त्याचं म्हणणं असं, की एका गिऱ्हाइकाचं कर्ज नामंजूर झालंय, त्याची गाडी याच महिन्यात येतेय, तेच मॉडेल, तोच रंग. ती माझ्या नावावर फिरवायची तर ६० हजार आजच भरायचे आणि मोबाइलवर येणारा ओटीपी सांगायचा. शोरूमचं यूपीआय बंद आहे म्हणून त्याने अकाउंट्समधल्या मुलाचा नंबर दिला. मी पैसे पाठवले, ओटीपी सांगितला. चार दिवसांनी माझे मूळ २१ हजार खात्यात परत आले. मी लगेच विचारलं. ‘जुनं बुकिंग बंद होऊन नवीन चढलंय ना ताई, म्हणून.’ मला ते पटलं. उलट पैसे परत आले म्हणून विश्वास वाढलाच.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर चासी नंबरचा फोटो आला, काचेवर माझ्या नावाची चिठ्ठी लावलेल्या गाडीचा फोटो आला. आईने तो फोटो दोनदा मोठा करून बघितला. सोबत परफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे गाडीचं आगाऊ बिल, आणि निरोप: डाउन पेमेंटचे उरलेले १ लाख ८५ हजार आज आले नाहीत तर बिलिंग दुसऱ्याच्या नावाने होईल.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती मला कुणीच सांगितली नव्हती. मी त्या १ लाख ८५ हजारांचं एनईएफटी केलं तेव्हा लाभार्थी म्हणून शोरूमचं पूर्ण नाव लिहिलं. पैसे गेले आणि मी निर्धास्त झाले. पण एनईएफटीत रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर. आपण लिहिलेलं नाव आणि खात्याचं नाव जुळतं का, हे बघितलं जात नव्हतं. २०२५पासून बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं खरं नाव दाखवण्याची सोय दिली आहे. ती वापरा, घाई असेल तेव्हा तर नक्कीच.

पुढचं नुकसान टळलं ते बँकेतल्या कर्ज अधिकारी बाईंमुळे. कर्जाची रक्कम बँक सरळ डीलरच्या खात्यात टाकते. परफॉर्मावरचा खाते क्रमांक त्यांच्याकडच्या नोंदीशी जुळेना. जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ आकड्याने सुरू होत होता, पण पोर्टलवर टाकल्यावर तो कुठल्या तरी भलत्याच फर्मचा निघाला. त्यांनी माझ्यासमोर शोरूमच्या लँडलाइनवर फोन लावला. तिकडून सांगितलं, असा इनव्हॉइस आम्ही काढलेलाच नाही आणि तो सेल्समन परवाच नोकरी सोडून गेला.

मी तिथूनच गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी बुकिंग नंबर विचारला आणि सांगितलं, ‘हे बुकिंग तुमच्या ओटीपीने रद्द झालं आहे.’ तो ओटीपी नवीन गाडी चढवायचा नव्हता, माझी जागा सोडायचा होता. आणि रद्द झालं तेव्हा माझा नंबर जवळ आला होता, बहुधा पुढच्याच महिन्यात गाडी मिळाली असती. डीलरची यादी त्या सेल्समनला दिसत होती, मला दिसत नव्हती. मोकळी झालेली माझी गाडी त्याने वरचे पैसे घेऊन दुसऱ्याला दिली असावी असं मला वाटतं. सिद्ध मात्र करता आलेलं नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली तोवर दुसऱ्या रकमेला अकरा दिवस झाले होते, खातं रिकामं होतं. पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम वाटेत गोठवता येते. पोलिसांत ४२०खाली तक्रार दिली. शोरूमने लेखी कळवलं की हा तुमचा आणि कर्मचाऱ्याचा खासगी व्यवहार आहे. त्याचं ओळखपत्र, त्याचं टेबल, शोरूमचा शिक्का असलेली पहिली पावती, हे सगळं त्यांच्याच छताखालचं होतं, तरीही खासगी! हे उत्तर मला अजून गिळता आलेलं नाही.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणून मी पुण्याऐवजी साताऱ्यातच दाखल केली. वकिलांना सगळ्यात उपयोगी पडलं ते व्हॉट्सअ‍ॅप. चॅट पुसू नका, फोन बदलू नका. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारा.

तुमचं बुकिंग आज कुणाकडे अडकलं असेल तर सेल्समनला न सांगता कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि तुमचा नंबर त्यांच्या नोंदीत आहे का ते विचारा. डीलरच्या अकाउंट्स विभागाकडून तुमच्या नावाचा खातेउतारा मागा. भरलेला प्रत्येक रुपया त्यात दिसला पाहिजे.

आईच्या उरलेल्या केमो आम्ही भाड्याच्या गाडीने केल्या. नव्या गाडीत बसून पुण्याला जायचं तिचं राहिलं. तो ओटीपीचा मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे. आकड्यांच्या खाली स्पष्ट लिहिलंय, हा ओटीपी बुकिंग रद्द करण्यासाठी आहे, कुणालाही सांगू नका. मी फक्त आकडे वाचले होते.