स्प्रिंग एअर रायफलवर ३-९×४० स्कोप: दिवाळी ते पोळा, खानदेशातल्या वापराचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास .१७७ इंची नळीची एअर रायफल घेतली, तिच्यावर ३-९×४० चा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, चढवला, आणि आता पोळा आला. मधे थंडी गेली, जळगाव-भुसावळचा मे महिना गेला, निम्मा पावसाळा सरला. तिन्ही ऋतूंत वापरल्याशिवाय स्कोपबद्दल लिहू नये या मताचा मी आहे. पहिल्या आठवड्यात सगळेच स्कोप छान वाटतात. रायफल स्वदेशी बनावटीची आहे, स्प्रिंग-पिस्टनवर चालणारी, नळी खाली मोडून ताणायची. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे जे सांगायचंय ते या जातीच्या कुठल्याही रायफलला लागू पडतं: पैसे आधी छर्ऱ्यांवर आणि माउंटवर (स्कोप रायफलीला धरणाऱ्या पकडीवर) घाला, मग काचेवर. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. किती एक्स आहे, हा पहिला प्रश्न असतो.

स्प्रिंगच्या रायफलीचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. काडतुसाच्या रायफलीचा धक्का फक्त मागे खांद्यावर बसतो. स्प्रिंग रायफलीत घोडा दाबला की आतला जड पिस्टन जोरात पुढे धावतो, त्यामुळे रायफल आधी मागे सरकते. पिस्टन पुढे दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, तेव्हा तीच रायफल पुढे झटका खाते. हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत किंवा त्याच सुमारास होतं. हा दुहेरी झटका स्कोपचा वैरी आहे. मोठ्या रायफलीसाठी बनवलेल्या स्कोपच्या आतली भिंगं मागच्या झटक्यासाठी घट्ट बसवलेली असतात, पुढच्या झटक्याचा विचार तिथे नसतो. म्हणून .३१५ च्या काडतुसाच्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप एअर रायफलवर महिनाभरात खुळखुळा होऊ शकतो. माझ्या एका मित्राने ऑनलाइन मोठ्या नावाचा पण अगदी स्वस्तातला स्कोप मागवला होता. काही दिवसांतच त्याची क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, आतल्या आत तिरकी झाली. विकत घेताना दुकानदाराला एकच विचारा, हा स्प्रिंगरसाठी चालतो का? हो-नाही करत राहिला तर घेऊ नका.

माझा स्कोप या बाबतीत पास झाला. एवढ्या महिन्यांत आतलं काही हललं नाही. हललं ते माउंट. स्कोपसोबत डब्यात दोन सुट्ट्या रिंगा आल्या होत्या. त्या रायफलीवरच्या ११ मिलिमीटरच्या डव्हटेल रेलवर (खाचेच्या पट्टीवर) बसल्या खऱ्या, पण प्रत्येक झटक्याबरोबर केसभर मागे सरकत गेल्या. ग्रुप, म्हणजे कागदावरचा छर्ऱ्यांचा पुंजका, हळूहळू एका बाजूला जातो, माणूस नेम जुळवायच्या बटणाच्या क्लिक फिरवत बसतो, पण रोग दुसरीकडेच असतो. म्हणून मी एका तुकड्याचं, खाली स्टॉप पिन असलेलं माउंट घेतलं. ती पिन रेलवरच्या भोकात बसते आणि सरकणं तिथेच संपतं. स्क्रूंना सैल न होऊ देणारं निळं थ्रेड लॉकर लावलं आणि ते कर्णाकृती क्रमाने थोडे थोडे आवळले. त्यानंतर झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा यांची जुळणी, टिकला. स्कोपच्या किमतीच्या मानाने या माउंटला फारच थोडे पैसे लागले, आणि फरक सगळ्यात जास्त त्यानेच पाडला.

आता काच. ३ ते ९ म्हणजे वस्तू तेवढ्या पट मोठी दिसते आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. या दोन आकड्यांचा भागाकार करून पाहा. ९ वर डोळ्यात येणारा उजेडाचा झोत ४.४ मिलिमीटरचा असतो, ३ वर १३ मिलिमीटरच्या पुढे. म्हणून पहाटे किंवा सूर्य कलल्यावर ९ वर चित्र काळवंडतं आणि डोळा जरा हलला की काळी कड येते. मी बहुतेक वेळ ५ किंवा ६ वर असतो. ९ वर स्वतःच्या छातीचे ठोके क्रॉसहेअरमध्ये दिसतात, आणि क्रॉसहेअर स्थिर करायच्या नादात घोडा झटक्याने ओढला जातो.

पटीपेक्षा मला मोलाचं वाटलं ते पुढच्या भिंगावरचं फिरतं कडं, म्हणजे एओ (अॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह). साध्या शिकारी स्कोपचं पॅरॅलॅक्स (क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकू नये असं जुळवलेलं अंतर) कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, बांधलेलं असतं. आपण मारतो १० ते ३० मीटरवर. अशा स्कोपमधून १० मीटरवरचा कागद धूसर दिसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळा इकडचा तिकडे झाला की क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकते. गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकत नाही, त्यामुळे ती चूक छर्ऱ्यात उतरते. एओचं कडं १० यार्डांपर्यंत खाली येतं. अंतर बदललं की कडं फिरवायचं, डोकं हलवून क्रॉसहेअर जागची हलत नाही ना ते बघायचं, मगच पहिला छर्रा. एअर रायफलसाठी एओ नसलेला स्कोप, तो कितीही उजळ असो, मी कुणाला सुचवणार नाही.

क्लिकचा हिशोबही लोक शंभर यार्डांचाच पाठ करतात. पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० यार्डांवर ७ मिलिमीटर हलवते, पण २५ मीटरवर पावणेदोन-दोन मिलिमीटर आणि १० मीटरवर पाऊणच. म्हणजे १० मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटर खाली लागत असेल तर चाळीसेक क्लिक फिरवाव्या लागतात, आणि त्यात स्कोप बिघडलाय असं समजायचं कारण नाही. ब्रेक-बॅरलची, म्हणजे नळी मोडून ताणायच्या रायफलीची, नळी मुळातच किंचित खाली झुकलेली असते. ते झुकणं जास्त असेल तर स्कोपच्या क्लिक संपवण्यापेक्षा मागून उंच असलेलं माउंट घ्यावं.

छर्ऱ्यांवर जरा जास्त लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त आनंद तिथेच मिळाला. आमच्या गल्लीत एक नाना आहेत, मूळचे अमळनेरकडचे, सगळी नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत काढली. खानदेशात वरणगाव म्हटलं की दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. सैन्याच्या इन्सास रायफलीची ५.५६ ची काडतुसं तिथे होतात, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडियाच्या छत्राखाली आहे. नानांनी माझा स्कोप हातात घेऊन बघितला, परत दिला आणि म्हणाले, "बापू, काच चांगली शे. पण आधी माल एकसारखा शे का ते देख." बस, तेवढंच. मी दोन डबे घेतले, एक स्वस्तातला आणि एक ८.४४ ग्रेनचा घुमटाकार नाकाचा आयात केलेला, आणि गेलो ओळखीच्या सराफाकडे. जळगावात सोनं तोलणाऱ्या काट्याची काय वाण! मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. ८.४४ ग्रेन म्हणजे ५४७ मिलिग्रॅम. आयात डब्यातले छर्रे त्याच्या अगदी जवळपास होते. स्वस्त डब्यात मात्र एका छर्ऱ्यात आणि दुसऱ्यात तीस-तीस मिलिग्रॅमचा फरक निघाला. शिवाय काहींची शेपटीकडची पातळ कड, जिला स्कर्ट म्हणतात, डब्यातच चेपलेली. छर्रा नळीच्या चरांना ही कड धरून ठेवते. ती एका बाजूने चेपली की हवा तिथून निसटते आणि छर्रा डगमगत जातो.

कागदावरचा निकाल स्पष्ट होता. त्याच रायफलीने, त्याच स्कोपने, २५ मीटरवर चांगल्या छर्ऱ्यांचा पाचाचा ग्रुप रुपयाच्या नाण्याखाली झाकला जातो. स्वस्त छर्ऱ्यांचा त्याच्या दुपटीहून मोठा. मधल्या काळात मी चपट्या नाकाचे छर्रेही वापरले. १० मीटरवर ते कागदाला पंच मारल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पाडतात, गुण मोजायला सोपं जातं. २५ च्या पुढे मात्र त्यांचा भरवसा नाही. आणि 'जास्त वेग' लिहिलेले हलके छर्रे घेऊन फसू नका. आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलेला छर्रा अस्थिर होतो, फट्ट आवाज होतो आणि नेम जातो. मध्यम वजन आणि संथ वेग हेच या नळीचं खाणं.

धरण्याची पद्धतही सांगायला हवी. मोठी रायफल घट्ट खांद्यात ओढतात. स्प्रिंगरला तसं धरलं की तिचा दुहेरी झटका दर वेळी वेगळ्या जागी अडतो आणि ग्रुप पसरतो. पुढचा हात उघडा, रायफल तळव्यावर नुसती टेकलेली, खांद्याशी हलका स्पर्श. तिला हवी तशी उसळू द्यायची, फक्त प्रत्येक वेळी सारखीच. वाळूच्या पिशवीवरही थेट टेकवू नये, मधे हात ठेवावा.

मे महिन्याची कथा वेगळी. पारा ४५ च्या पलीकडे गेल्यावर सकाळी सातचा झिरो आणि दुपारचा झिरो यांत २५ मीटरवर बोटभर फरक पडू लागला. पिस्टनवरचं ग्रीस पातळ होतं, लाकडी दस्त्याचे स्क्रू सैल पडतात, आणि उन्हात ठेवलेली स्कोपची नळी हाताला चटका देते. वर काळ्या रानातून उठणारी वाफ ९ पटीवर लक्ष्याला पाण्यात बुडवल्यासारखं हलवते. पट कमी केली की बरंच निवळतं. मी उन्हाळाभर फक्त सकाळी मारलं, आणि तेही मळ्यातल्या केळीच्या आडोशाला. बागेभोवती वारा अडवायला शेवरी लावलेली आहे, तिचा फायदा मलाही झाला. नाहीतर आडवा वारा असला की एवढासा छर्रा २५ मीटरवर दोन-तीन सेंटिमीटर सहज सरकतो. मागे मातीने गच्च भरलेल्या गोण्यांची भिंत आहे. लोखंडी पत्रा किंवा दगड मागे ठेवू नका, छर्रा उलटून येतो. चष्मा हवाच. आणि शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय भाकरीला लावायचे नाहीत.

पिस्तुलाबद्दल अनेक जण विचारतात. एका क्लबच्या रेंजवर एअर पिस्तूल बरंच हाताळलंय, आणि शिकायला त्यापेक्षा कडक मास्तर नाही. पिस्तुलाच्या पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर तीस सेंटिमीटर धरा. तिथे एक मिलिमीटरची चूक झाली तर १० मीटरवर छर्रा ३३ मिलिमीटर बाजूला जातो, आणि ऑलिंपिकच्या एअर पिस्तूल लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. तेही एका हाताने, उभं राहून. म्हणून नव्या माणसाने रायफलनेच सुरुवात करावी. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, तिथे भोकातून बघायची साइट असते आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलेल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने कोणती साइट वापरली, असं एका पोराने मला विचारलं होतं. तीच, बिनस्कोपची. ज्याला स्पर्धेत जायचंय त्याने स्कोपमध्ये पैसे अडकवू नयेत.

कायद्याचं सरळ सांगतो. .१७७ पर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय घेता येते. विकणारा ओळखपत्र आणि वयाचा पुरावा मागतो, तो द्यायचा. ८.४४ ग्रेनचा छर्रा सेकंदाला २१३ मीटरने गेला तर साडेबारा ज्यूलच्या आत भरतो, म्हणजे मर्यादेत. स्प्रिंग बदलून ती ओलांडायचा नाद करू नका. काकांकडे परवान्याची बारा बोअर आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा होते, नूतनीकरणाच्या खेपा वेगळ्याच. ती जबाबदारी जवळून बघितल्यामुळे मला या साध्या रायफलीचंही वजन कळतं. आणि पाखरं, ससे, माकडं, रानातलं काहीही या रायफलीचं लक्ष्य नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. इकडे सातपुड्याच्या पायथ्याला अजूनही कुणी तित्तर मारल्याची फुशारकी मारतो, त्याच्यासोबत मी नेमबाजी करत नाही. कागद, डबे आणि लोखंडी फिरत्या चकत्या यांत आयुष्य जाईल एवढं शिकायला आहे.

पावसाळ्याने स्कोपची खरी परीक्षा घेतली. आत नायट्रोजन भरलेला असल्याने आतून धुकं धरलं नाही. थंड खोलीतून बाहेर काढल्यावर वरून दव येतं, ते आपोआप उडू द्यावं. भिंगावर आमची काळी माती बसते, ती आधी फुंकणीने उडवायची, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. थेट रुमाल फिरवला तर चरे पडतात. रायफल ताणलेली ठेवायची नाही, छर्रा न घालता घोडा दाबायचा नाही, आणि हवेच्या दट्ट्यात तेल सोडायचं नाही. तेल पेटून धूर आणि स्फोटासारखा आवाज होतो, सील जळतं. दर महिन्याला माउंटचे आणि दस्त्याचे स्क्रू हाताने तपासतो.

छर्ऱ्यांचा उघडा डबा ओलाव्यात राहिला की शिशावर पांढरी पूड येते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून झाकण घट्ट लावा, आणि पूड आलेले छर्रे नळीत घालू नका.