स्वालबार्डची बोट-सफर: तीनशे मीटरवरचे अस्वल

आर्क्टिकमधील स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन गावाहून निघणाऱ्या, अवघे १२ प्रवासी घेणाऱ्या या बोटीवरील छायाचित्रण-सफरीचे मोल ठरवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: १ जानेवारी २०२५ पासून नॉर्वेच्या नियमांनुसार स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर, अंतर राखणे बंधनकारक आहे. त्यामुळे माहितीपत्रकातील चौकटभर अस्वलांवर भुलू नये. आमच्या मार्गदर्शकांनी हा नियम काटेकोरपणे पाळला, ही मला सेवेची सर्वांत जमेची बाजू वाटली. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर दूरचे जवळ आणणारी ६०० मिमीची लेन्स लावूनही इतक्या अंतरावरचे अस्वल चौकटीच्या रुंदीचा जेमतेम सातवा-आठवा भाग व्यापते. परंतु हिमनदीच्या निळसर कड्याखालून चालणारा तो पिवळट जीव परिसरासह टिपला, तर हा लहान आकारच चित्राला अर्थ देतो. बोटीचा डेक पाण्यालगत असल्याने मोठ्या जहाजावरून न मिळणारा, जवळजवळ प्राण्याच्या नजरेच्या पातळीवरचा कोन मिळतो. लाटांवर ट्रायपॉड मात्र निरुपयोगी ठरतो, म्हणून चित्र हलू नये यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंदाहून जलद ठेवावा. ऑगस्टच्या आरंभी तेथे सूर्य मावळत नसल्याने रात्री दोन वाजताही प्राणी दिसल्याची हाक येते, आणि चालक तत्परतेने इंजिन बंद करतो. जेवण बेताचेच होते. शाकाहाऱ्यांनी सोबत मेतकूट न्यावे.