अंगावर पाजताना बीपीची गोळी: लॅबेटालॉल, निफेडिपिन की एनालाप्रिल?

बाळंतपणानंतर बीपी साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातो. तोवर जळगाव-धुळ्याकडची बाळंतीण दवाखान्यातून घरी आलेली असते आणि 'गोळी दुधात उतरेल' या धास्तीने ती बंद करायला सांगणारंही कुणीतरी घरात असतंच. या तिन्ही गोळ्या दुधात फार थोड्या उतरतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला पाजायला हरकत नसते. मग कोणती घ्यायची, हे आईची तब्येत पाहून डॉक्टरांशी ठरवायचं.

लॅबेटालॉल दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. रात्रीच्या जागरणात एखादी हमखास राहून जाते. दमा असेल तर ही नकोच, श्वासनळ्या आवळतात.

निफेडिपिनची सावकाश विरघळणारी गोळी दिवसातून एक-दोनदा पुरते. ती तोडायची नाही, चावायचीही नाही. तसं केलं तर सगळं औषध एकदम सुटतं आणि बीपी धाडकन उतरतो. सुरुवातीला डोकं दुखतं, पाय सुजतात. घोळ इथेच होतो, कारण डोकेदुखी बीपी चढल्याचीही खूण आहे. म्हणून डोकं दुखलं की आधी बीपी मोजा, मग गोळीला दोष द्या. हिच्याच जातीची अ‍ॅम्लोडिपिन दिवसातून एकदाच लागते, स्वस्त आहे आणि पाजताना चालते.

एनालाप्रिल सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासतात. कोरडा खोकला लागू शकतो. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात जुलाब-उलट्या झाल्या तर किडनीवर ताण येतो. अशा वेळी पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर ही सहसा टाळतात. पुढच्या गर्भाला ही घातक असते आणि पाळी परतण्याआधीही दिवस जाऊ शकतात, तेव्हा गर्भनिरोधकाचं आधीच ठरवा.

घरात बीपीची आधीची गोळी अ‍ॅटेनोलॉल उरली असेल तर ती घेऊ नका, ती दुधात जास्त उतरते. टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीचाही पाजणाऱ्या आयांमधला अनुभव फार थोडा आहे.

मोजताना पाच मिनिटं टेकून बसा, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीत. १५०/१०० किंवा वर दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० झाला, किंवा डोळ्यांपुढे काजवे, जोराची डोकेदुखी, बरगड्यांखाली दुखणं असेल, तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात निघा. बाळ सोबत न्या, पाजणं चालू राहील.